शिंगाला बांधलेलं नाव

सरकारी दवाखाना, संग्रामपूर
आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १८८७

सौ. मनकर्णा हिला अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक आहे. पोळ्या अजून एका बाजूने कच्च्या आणि दुसऱ्या बाजूने काळ्या होतात, त्यामुळे सरासरीने त्या चांगल्या भाजल्या आहेत असं धरून मी जेवतो. तुझं पत्र आणि मिरचीचं लोणचं एकाच पिशवीतून आलं. लोणचं आमचा शिपाई रंगराव याने चाखलं, पत्र मी वाचलं. डोळ्यांत पाणी दोघांच्याही आलं; त्याला निदान कारण सांगता येतं.

"आई जाऊन वर्ष झालं. त्यांचं करायला म्हणून मी इथं राहिले होते. आता तुम्ही तिकडं अन् मी इकडं कशासाठी? बदलीचं काय झालं?" असं तू विचारलंस. प्रश्न सरळ आहे. उत्तर जरा वळसा घालून येईल. बाबांच्या पाठशाळेतलं माझ्याजवळ एवढंच टिकलं: आधी पूर्वपक्ष, मग उत्तर, आणि तोवर विचारणारा झोपी जातो. तू झोपू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात बुलढाण्याहून साहेबांचा हुकूम निघाला, की गुरांच्या औषधांवरची लेबलं आता इंग्रजीत नकोत, मराठीत हवीत आणि जिल्हाभर एकसारखी हवीत. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की संग्रामपूरच्या कंपाउंडराला, म्हणजे सरकारी भाषेतल्या मिश्रकाला, संस्कृत येतं. सरकारचा असा समज आहे की ज्याच्या घरी म्हैस त्याच्या घरी ताक असायचंच. काम माझ्या गळ्यात पडलं.

दोन महिने मी चतकोर कागदावर संसार मांडत होतो. काय कायमचं छापायचं, कुठे हाताने लिहायला जागा सोडायची, कोणता टाइप मोठा, कोणता बारीक. इथे येणाऱ्या बहुतेकांना अक्षर लागत नाही, म्हणून पाजायच्या औषधाला काळी चौकट आणि वरून लावायच्या औषधाला लाल. कडेला एक पट्टी, तिच्यावर मात्रांच्या रेघा. त्या रेघांवर कात्रीने खाचा पाडून पट्टी बाटलीला उभी चिकटवायची. एका वेळी एका खाचेपर्यंत औषध उतरलं की पुरे. न वाचणाऱ्यालाही खाच दिसते. पहिल्या मसुद्यात मी "पशूस मुखावाटे देय" असं लिहिलं होतं. रंगरावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, हे गाईले वाचून दाखवाचं का तिच्या मालकाले?" मग "पाजायचं औषध" असं केलं, आणि त्याखाली ठळक टाइपात, "बाटली हलवून घ्या".

सगळ्यात खाली "औषध देणार" आणि पुढे रिकामी रेघ. नुसती रेघ बोडकी दिसते, म्हणून छापखान्याला पाठवलेल्या नमुन्यात मी माझं नाव घातलं. खामगावहून प्रूफ आलं. ते मीच तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणून तसंच परत पाठवलं. परिणामी आमच्या दवाखान्यात आज दहा हजार लेबलं आहेत आणि प्रत्येकावर "औषध देणार : गदाधर शास्त्री, मिश्रक" असं छापलेलं आहे. बाकीच्या दवाखान्यांना पुढे रिकामी रेघ छापून गेली. पहिला घाणा आमच्या पदरात.

आता बदली. आपल्या साखरखेर्ड्याच्या दवाखान्यातली जागा मोकळी आहे आणि तिच्यापुढे माझंच नाव आहे, हे खरं. पण मी तिकडे आल्यावर इथल्या बाटल्यांवर माझं नाव कसं चालेल? औषध देणार एक आणि नाव भलत्याचं. तेव्हा लेबलांचा साठा संपेपर्यंत मी इथेच थांबावं, असं ठरलं आहे.

दिवाळीत दोन दिवस येऊन जातो. संध्याकाळच्या मोटारीने, नेहमीसारखा मागच्या आळीने येईन; परसदार लोटून ठेव. फार वाट पाहू नकोस. पवळीला माझी आठवण सांग. गाईला सांगितलीस की तुला वेगळी पोचवायला नको.

गदाधर

*

सरकारी दवाखाना, संग्रामपूर
कार्तिक वद्य दशमी

सौ. मनकर्णा हिला अनेक आशीर्वाद.

दिवाळीत समोर होतो तेव्हा तू काही बोलली नाहीस, आणि मी इकडे पोचेपर्यंत तुझं कार्ड येऊन पडलं होतं. पाकीट नव्हे, कार्ड. म्हणजे वाटेतल्या सगळ्या पोस्टमनांची करमणूक व्हावी. त्यात तीन ओळी. पवळी दूध बरं देते. पोस्टमन विचारतो, पाठवणाराच्या पत्त्यात "सरकारी दवाखाना" असतं, शास्त्री आता माणसांचे डॉक्टर झाले का? आणि तिसरी: "साठा संपायला कशाला पाहिजे? तिकडं काळी शाई मिळत नाही का?"

दुधाबद्दल आनंद वाटला. पत्त्याबद्दल म्हणशील, तर पाकीट लहान असतं, सगळे शब्द मावत नाहीत. शाईबद्दल सविस्तर लिहायचं आहे. पण आज वेळ नाही, कारण इकडे खुरकूत आली आहे.

गुरांच्या तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळ गळते. बैल चाऱ्यापुढे नुसते उभे राहतात. आमच्या तायडे डॉक्टरांकडे आणखी दवाखाने आहेत, ते आठवड्यातून दोनदा येतात. मधले दिवस मी आणि रंगराव. तोंड धुवायला जांभळं औषध, खुरांना मोरचुदाचं पाणी, हे दिवसभर चालतं. मी मनाशी म्हटलं, साठा संपवायचाच आहे ना, मग हात आखडता कशाला? जिथे एक लेबल तिथे दोन लावतो. मोरचुदाच्या पुडीलाही लावतो. परवा रंगरावाच्या पाण्याच्या मडक्यालाही लावलं, तेव्हा तो म्हणाला, "हे पाजाचं का लावाचं?"

आणि मग एक गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, ते तू ठरव.

औषधाला बाटली ज्याची त्याने आणायची, अशी इथली रीत. तुळशीराम म्हणून एक भाजीपाल्याचा मळेवाला आहे. त्याच्या घरात बाटली एकच, आणि ती घासलेटाला हवी. त्याने औषध मडक्यात ओतून ठेवलं, लेबल भिजवून अलगद काढलं, आणि खाचांची पट्टी हरवू नये म्हणून ते अख्खंच दोऱ्याने बैलाच्या शिंगाला बांधलं. जनावर आणि त्याचा हिशेब एका जागी. डोकं मोठं व्यवहारी. बैल आठवड्याभरात चरायला लागला. तोंड नीट धुतलं की बहुतेक बैल लागतातच. पण गावाने पाहिलं ते एवढंच, की शिंगाला कागद आणि बैल चरतो.

दुसऱ्याच दिवशी मंजुळाबाई नावाची म्हातारी आली, गाय दारात सोडून.

"बाप्पा, औषध राहू दे. तो कागद दे."

"काऊन बाई?" मलाही आता इथलं बोलणं लागलं आहे.

"औषध तं मांगच्या साली बी देल्लं होतं. गाय गेली. तवा कागद नव्हता."

"अहो, त्या कागदावर काही नाही. नुसतं माझं नाव आहे."

"मंग? तेच तं पाह्यजे!"

मग मी शास्त्र बाजूला ठेवलं. औषध घेतल्याशिवाय लेबल नाही, असा नियम मी करून टाकला. आता माणसं औषध घेतात, वाकून लेबल घेतात. साठा भराभर उतरतो आहे. संक्रांतीपर्यंत मी मोकळा होईन. वाट पाहू नकोस, पण तिळगूळ जरा जास्त कर.

गदाधर

*

सरकारी दवाखाना, संग्रामपूर
पौष वद्य द्वितीया

सौ. मनकर्णा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. पोस्टमन रोज दिसतो, हात हलवतो आणि पुढे जातो.

लेबलं संपत आली. उरलेली एका हातात मावतील. आता गोठ्याच्या खांबांनाही चिकटवतात, बैलगाडीच्या साटीलाही. सरपंच उकंडराव पाटील काल चार माणसं घेऊन आले आणि माझ्या पाया पडले. मी पाय मागे घेतले, तर मागे मोरचुदाची बादली होती. उकंडराव म्हणाले, "तुमाले आमी काई जाऊ देत नाही, शास्त्रीबुवा. तुमी हसा, पण आमच्या ढोरायले तुमचं नाव मानवलं." मी हसलो. पुरेसं हसलो नसेन.

इथे मला कंपाउंडर कुणी म्हणत नाही, हे तुला कधी लिहिलं होतं का?

एक वासरू मात्र गेलं. त्याच्या मालकाने औषध नेलं होतं, पण ते तसंच फळीवर ठेवून नुसता कागद बांधला होता. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "कागद जुना झाला असंन." आणि नवा मागितला. मी दिला नाही. रंगरावाने दिला असावा.

साहेब फिरतीवर येऊन गेले. कपाटातली रिकामी जागा पाहून खूष झाले. जिल्ह्यात इतकी लेबलं कुणीच वापरली नाहीत म्हणे. बदलीचा विषय निघाला नाही. निघाला असता तर मी काढला असता.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते संस्कृतात सुद्धा निसटतं वाटेल. राहू दे.

पवळी कशी आहे ते एका ओळीत कळव. शाईबद्दल विचारायचं असेल तर तेही विचार.

गदाधर

*

संग्रामपूर
माघ शुद्ध दशमी

मनकर्णा,

आज आशीर्वाद लिहीत नाही. माझ्याजवळ शिल्लक नाहीत, आणि ज्याने मागायची वेळ आली आहे त्याने ते वाटू नयेत.

तुझं पाकीट आलं. पत्र चार ओळींचं आणि सोबत ते लेबल, दोऱ्यासकट. दोऱ्याला पवळीचे दोन तांबूस केस अडकले आहेत. तुझं पत्र मी इथे उतरून काढतो. डोळ्यांनी वाचताना जे चुकवता येतं, ते हाताने लिहिताना चुकवता येत नाही.

"पवळी हरभऱ्याच्या ओल्या पाल्यात शिरली. पोट फुगलं. दवाखान्याला कुलूप, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही शिकवलं होतं तसं बांबूच्या नळीने अळशीचं तेल पाजलं, पण त्यात घालायचं औषध कुठून आणू? शेजारच्या रुखमाबाईच्या जावयाने संग्रामपूरहून तुमचं लेबल आणलं होतं, ते तिनं शिंगाला बांधलं. मी काढलं नाही. नाव तुमचं होतं. दुपारी गाय गेली."

लेबलांत मी सगळ्या गोष्टींना जागा सोडली होती, मनकर्णा. या ओळींसाठी सोडली नव्हती.

आता शाई. तू कार्तिकात विचारलंस, त्याचं उत्तर असं: शाई मिळते. होती. दौत भरलेली होती.

दसऱ्यानंतर साहेब इथे ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी स्वतःच सांगितलं, "शास्त्री, आदेश तयार आहे. नावावर शाईची एक रेघ मारायला सांगा रंगरावाला, आणि जा आपल्या घरी." मी म्हणालो, "साहेब, सरकारी छापील मालावर रेघा मारणं बरं दिसत नाही. साठा संपेपर्यंत थांबतो." त्यांना कौतुक वाटलं. मी घरात येऊन तुला लिहिलं, की थांबावं असं ठरलं आहे. कुणी ठरवलं ते लिहिलं नाही. तू त्याच वेळी ओळखलंस. म्हणून तर पाकीट सोडून कार्ड टाकलंस.

साखरखेर्ड्याचा दवाखाना कुठे आहे ते तुला मी सांगायला नको. पाठशाळेच्या अगदी समोर. दवाखान्यापुढचा तो लाकडी खोडा, ज्यात गाय अडकवून औषध पाजतात, तो पायऱ्यांवरून सरळ दिसतो. त्याच पायऱ्यांवर बसून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "गदाधर सरकारी औषधखात्यात आहे." "गुरांच्या" हा शब्द ते अध्याहृत ठेवत, ऐकणाराने समजून घ्यायचा, बोलणाराने उच्चारायचा नाही. मीही पाकिटावर तेच केलं. त्या पायऱ्यांवर आता त्यांचे शिष्य बसतात. माझ्या बरोबरचे आहेत, कुणी पुराण सांगतो, कुणी हायस्कुलात मास्तर आहे. त्यांच्यासमोर, कोपरापर्यंत शेणालाळेने माखलेल्या हाताने नळी धरून उभं राहायचं, आणि त्यांनी वरून विचारायचं, "काय गदाधरपंत, आज कोणता पाठ?" एवढ्याला मी भ्यालो. वय सेहेचाळीस. दिवाळीला संध्याकाळच्या मोटारीने मागच्या आळीतून येतो तो याचसाठी, हे तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं तू परसदार लोटून ठेवलंस आणि एकदाही विचारलं नाहीस, की पुढचं दार का चालत नाही.

आणि इथे माझ्या नावाला माणसं वाकत होती. प्रूफ तपासताना ते नाव मला दिसलं नाही असं नाही. ते मी चांगलं तीनदा वाचलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मोटार पकडून बुलढाण्याला गेलो. साहेबांना म्हटलं, बदली द्या, रेघ मारतो, सगळ्या रेघा स्वतःच्या हाताने मारतो. ते हसले. टेबलावरून एक अर्ज पुढे सरकवला. उकंडरावांनी गावोगाव फिरवलेला, अंगठ्यांनी निळा झालेला. गदाधर शास्त्री यांना येथून हलवू नये. साहेब म्हणाले, जनतेच्या आग्रहास्तव बदली रद्द केली आहे. साखरखेर्ड्याची जागा पुढील आदेशापर्यंत तशीच राहील. मग मोठ्या कौतुकाने कपाटातून नवी लेबलं काढून दाखवली. वीस हजार. नाव तेच, कागद जाड, आणि वरच्या कोपऱ्यात भोक पाडलेलं. "दोरा ओवायला," ते म्हणाले. "लोकांची सोय पाहिली पाहिजे."

मी परत रेघेची गोष्ट काढली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "शास्त्री, सरकारी छापील मालावर रेघा मारणं बरं दिसत नाही. तुम्हीच तर म्हणाला होतात."

गाईला खोड्यात घालायला दोन माणसं लागतात आणि तरी ती मान काढायला बघते. मी आपण होऊन शिरलो, आणि अडसरही आतूनच लावून घेतला. आता तो बाहेरून कुणाला निघत नाही.

परत येऊन रंगरावाला सगळं सांगितलं. त्याने चहा केला आणि नव्या लेबलांचा गठ्ठा मला दिसणार नाही असा फळीच्या मागे सरकवला. मग एवढंच म्हणाला, "वहिनीले खरं लेहा."

खरं लिहिलं. आता जे माझ्या हातात उरलं आहे तेही लिहितो. पंधरा दिवसांची रजा मागितली, ती मिळाली. साहेबांकडून साखरखेर्ड्याच्या दवाखान्याची किल्ली मागून घेतली. रजेवरच्या माणसाला किल्ली कशाला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हरभऱ्यात शिरणाऱ्या गाईला रजेचं कळत नाही. पोटफुगीची औषधं, मोरचूद, दोन नळ्या एवढं बरोबर घेतो आहे. संकष्टीच्या दुपारी येईन. दुपारच्या मोटारीने, उन्हात. वेशीतून, पाठशाळेच्या पायऱ्यांसमोरून. पाठ विचारणारे तिथे असतील तर पाठ सांगेन. तिथल्या दवाखान्यात लेबलं नसतील; कोऱ्या कागदाला खाचा पाडून देईन. नाव घालणार नाही. औषध कोण देतंय ते समोर बसलेल्या सगळ्यांना दिसेलच.

पंधरा दिवसांनी मला परत यावं लागेल. तो खोडा मोडलेला नाही आणि तो मोडेल अशी आशा मी तुला दाखवत नाही.

याच्या खाली एक वाक्य लिहून खोडलं आहे. उजेडात धरून वाचू नकोस. तू इकडे ये, असं ते होतं. आणि आता तिथे तुला अडकवणारं जनावर राहिलं नाही, असं कारण त्यात दिलं होतं. लिहिल्यावर माझं मलाच वाचवेना. बघ, खोडायचं मनात आलं की शाई मिळते.

तू यावंस की नाही, ते तू ठरव, आणि ठरवलंस की कुणी ठरवलं तेही लिही. मी फक्त येतो आहे. पुढचं दार उघडं ठेव. आजवर प्रत्येक पत्रात वाट पाहू नकोस असं लिहिलं. या वेळी पाहा.

पाकिटावर पाठवणाराचा पत्ता पूर्ण घातला आहे. सगळे शब्द मावले. पोस्टमनने मोठ्याने वाचला तर वाचू दे.

गदाधर नीळकंठ शास्त्री
मिश्रक, गुरांचा दवाखाना